शनिवारची खुशाली

कुसळी, २ मे १९४६

ती. अक्कास मधूचा वाकून नमस्कार.

बातमी पोटात ठेवली तर फुटेन, म्हणून तुलाच आधी लिहितो. आपलं नभोवाणी केंद्र जूनअखेर बंद होतंय. यंत्र लढाईपुरतं मिळालं होतं. लढाई संपली, आता सरकार ते उचलून नेणार. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! पाच वर्षं या संस्थानात माझ्या आवाजाशिवाय दिवेलागण झाली नाही, आणि मला हे कळलं ते कचेरीतल्या कारकुनाकडून, पान चघळता चघळता.

पण दिवाणसाहेबांनी एक मान दिला आहे. केंद्राचा इतिहास मी लिहायचा. छापील पुस्तिका निघणार, आत श्रीमंत राजेसाहेबांचं छायाचित्र. सुरुवात जमलीय बघ. १९४१ चा दसरा. संस्थानचा हत्ती आदल्या वर्षी मेलेला, म्हणून पीलखाना रिकामा. त्याच्या भिंतींना गोधड्या ठोकल्या, मधे मेज, मेजावर माईक आणि माईकपुढे तुझा चुलतभाऊ, वाईचा मॅट्रिक, नव्या कोटात. पहिलं वाक्य बोललो आणि घसा असा कोरडा पडला की पुढची दोन मिनिटं बावीस गावांनी छपरावरची कबुतरंच ऐकली. मग भजन लावलं. (हे पुस्तिकेत घालत नाही.)

बावीस चावड्यांत बावीस रेडिओपेट्या. सहा ते सात कार्यक्रम. भजन, शेणखतावर भाषण, तासगावच्या बाजाराची खबर. आणि शनिवारी ‘जवानांची खुशाली’! लढाईवर गेलेल्या संस्थानच्या प्रत्येक पोराची खबर मी नाव घेऊन सांगायचो. बाकी सगळं विसरतील लोक, शनिवार विसरणार नाहीत.

म्हणून तुझ्याकडे काम आहे. सोनवडीच्या चार श्रोत्यांच्या आठवणी लिहून घे आणि खाली अंगठे उठव. विशेषतः त्या राहीबाईची, जी पेटीला हळदकुंकू लावते असं तू लिहिलं होतंस. पुस्तिका चांगली उतरली तर मला मुंबईच्या केंद्रावर शिफारस द्यायचं दिवाणसाहेबांनी कबूल केलंय. उशीर करू नकोस.

तुझा,
मधू


सोनवडी, ९ मे १९४६

मधूस आशीर्वाद.

तुझ्या आवाजाशिवाय दिवेलागण होत नव्हती म्हणतोस. इथं ती रॉकेलशिवाय होत नाही, आणि रॉकेल महिनाभर आलेलं नाही. पण असो, तुला टोचून तुझी हवा जायची नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

केंद्र बंद होतंय म्हटल्यावर चावडीत सुतक पडल्यासारखं झालं, हे मात्र खरं. चावडीचा शिपाई आकाराम डोक्यावर पेटीची बॅटरी घेऊन दर गुरुवारी कोरेगावला भरायला जायचा; तिच्यातल्या तेजाबानं त्याचं पागोटं जळून जाळी झालीय. ते त्यानं काढून दाखवलं आणि म्हणाला, “आता ह्येचं काय करू?” बेचाळीस साली गावच्या पोरांनी चावडीची दप्तरं जाळली तेव्हासुद्धा पेटीला कुणी बोट लावलं नव्हतं. का, तर शनिवार.

राहीबाईची आठवण लिहून पाठवते. तिचा एकुलता कृष्णात चाळीस साली भरती झाला, सिंगापूर पडल्यावर दीड वर्षानं कागद आला की बेपत्ता. तेव्हा तिनं अन्न सोडलं होतं. मग त्रेचाळीसच्या दिवाळीत तू पेटीतून सांगितलंस की तो सुखरूप आहे. तेव्हापासून दर शनिवारी सून अंजना तिला हात धरून आणते आणि दोघी अगदी पुढं बसतात. लढाई संपून आठ महिने झाले, पोरगा आला नाही, तर म्हातारी म्हणते, “बोटीत जागा मिळाली नसंल.”

एक विचारायचं होतं. गावातला गुंडा, कृष्णातच्याच पलटणीतला, परवा परत आला. तिकडे जपान्यांच्या कैदेत होता, मग साताऱ्याच्या इस्पितळात. हाडांचा सापळा झालाय. तो राहीबाईच्या घराकडे फिरकत नाही. तिची गल्ली चुकवून मळ्यात जातो. मी विचारलं तर म्हणतो, “बाई, आमाला साडेतीन वर्सांत एक चिठ्ठी लिवू दिली न्हाई.” मग बाबा, तुझ्याकडे खुशाली यायची कुठून? सहज विचारते.

तुझी,
अक्का


कुसळी, १५ मे १९४६

ती. अक्कास नमस्कार.

पत्र पोचलं. तू म्हणजे शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे प्रश्न विचारतेस. अगं, लढाईचा कारभार हा. वरून याद्या यायच्या, त्या दिवाणसाहेबांच्या कचेरीत जायच्या, तिथून माझ्या मेजावर. मी फक्त वाचायचो. गुंडाच्या बोलण्यावर जाऊ नकोस. कैदेतून आलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर यायला वेळ लागतो म्हणतात.

अंगठे तेवढे या आठवड्यात पाठव. छापखाना खोळंबलाय. राहीबाईचं लिहून घेताना ‘पोरगा आला नाही’ वगैरे मजकूर नको. आनंदाचं असू दे.

तुझा,
मधू


सोनवडी, २४ मे १९४६

मधू,

अंगठे पाठवत नाही.

गुंडा काल माझ्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. मुलं घरी जाईपर्यंत थांबला आणि एका दमात सगळं बोलला. कृष्णात बेचाळीसच्या फेब्रुवारीत गेला, सिंगापूर पडायच्या दोन दिवस आधी. गुंडाच्या मांडीवर गेला. गुंडानं आणि आणखी एकानं मिळून रबराच्या झाडाखाली त्याला मातीआड केलं, फावडं नव्हतं म्हणून ताटलीनं उकरून. मग तो म्हणाला, “मी घरी आलो तर आईनं सांगितलं, कृष्णात जित्ता हाय, पेटीत सांगत्यात. बाई, मला वाटलं मलाच येड लागलं.”

त्याला वेड लागलेलं नाही. मी कालपासून एकच आठवते आहे. त्रेचाळीसच्या दिवाळीतली तुझी खुशाली मला पाठ आहे, गावाला पाठ आहे: “सोनवडीचा कृष्णात नाथाजी सुखरूप आहे. तो कळवतो, आईच्या गुडघ्याला तेल चोळा. चांद्या आता मोठा झाला असेल, त्याला इतक्यात जुंपू नका. अंजनाला म्हणावं, माहेरी जाऊ नको, मी येतोच आहे.”

तेव्हा मी पदरानं डोळे पुसले होते. आता ऐक. चांद्या हे वासरू जन्मलं बेचाळीसच्या श्रावणात. कृष्णात मरून सहा महिने झाल्यावर. कपाळावर चांद आहे म्हणून अंजनानं त्याचं नाव ठेवलं. आणि हे गावाबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. गावाबाहेर पत्रं मी एकट्या तुला लिहीत होते. राहीबाईचा गुडघा मी लिहिला. अंजनाचा बाप तिला न्यायला आलाय, हे मी लिहिलं. तू आजारी होतास, तुझं मन रमावं म्हणून गावच्या गमती लिहिल्या मी.

मेलेल्या माणसाच्या तोंडात तू माझी पत्रं घातलीस का मधू? होय की नाही, एवढंच लिही. याद्या आणि कचेऱ्या सांगू नकोस.

प्रमोदिनी


कुसळी, १ जून १९४६

अक्का,

होय.

तू खाली ‘प्रमोदिनी’ लिहिलंस ते वाचून तीन दिवस लिहायला बसू शकलो नाही. आता सगळं सांगतो. माझी बाजू म्हणून नाही, पण सांगतो.

बेपत्ता लोकांची पहिली यादी आली ती नेमकी भरतीच्या मेळाव्याच्या तोंडावर. संस्थानची अकरा पोरं. दिवाणसाहेब म्हणाले, “मधुकरराव, शनिवारी ‘बेपत्ता’ वाचलंत तर सोमवारी मैदानात कुत्रं यायचं नाही. सुखरूप म्हणा. बेपत्ता म्हणजे मेला असं थोडंच आहे?” मी म्हटलं, एका आठवड्याचा प्रश्न आहे. मग दुसरा मेळावा आला, तिसरा आला. एकदा सुखरूप म्हटलेल्या माणसाला गप्प कसं करायचं? गावं विचारू लागली, नुसतं ‘सुखरूप’ काय सांगता, काय म्हणाला ते सांगा. इतर गावांची पत्रं कचेरीत यायचीच, त्यांत घरची सुखदुःखं असायची. ती वापरली. सोनवडीचं काही नव्हतं. तुझं होतं.

आणि खरं सांगू? दिवाळीनंतर तू लिहिलंस की म्हातारी जेवली. त्या पत्रानं मला चढल्यासारखं झालं. वाटलं, मी पुण्य करतोय. दर शुक्रवारी बसून मी अकरा जणांचं बोलणं रचायचो. एकाला विनोदी केलं, एकाला देवभक्त. कृष्णात माझा सगळ्यांत लाडका होता.

कृष्णात गेल्याचा पक्का कागद चव्वेचाळीसच्या माघात आला. दिवाणसाहेबांनी तो खणात टाकला आणि म्हणाले, “लढाई संपल्यावर बघू.” त्या शनिवारी मी त्याच्या तोंडून आईला संक्रांतीच्या तिळगुळाबद्दल विचारलं. खण माझ्या डोळ्यांसमोर होता, अक्का.

आता मलाच माझ्या आवाजाची शिसारी येते. आंघोळीत मोठ्यानं श्लोक म्हणायचो, तेही सोडलंय. पण मी एक ठरवलंय. शेवटचा कार्यक्रम २९ जूनला, शनिवारी. अकरा नावं वाचणार आणि खरं सांगणार. दिवाणसाहेब समोर बसलेले असोत नाहीतर श्रीमंत. मुंबई गेली खड्ड्यात. तोवर राहीबाईला काही सांगू नकोस. माझ्या तोंडून जाऊ दे.

तुझा अपराधी,
मधू


सोनवडी, ७ जून १९४६

मधू,

तुझं पत्र वाचलं आणि मागच्या दारी जाऊन ओकले. हे अलंकारानं लिहीत नाही. ‘कृष्णात माझा लाडका होता’ या ओळीला.

तुझ्या दिवाणाची मला घाण वाटते, पण ती उकिरड्याची वाटावी तशी. उकिरड्याकडून कुणी तुळशीची अपेक्षा करत नाही. तुझी वाटते ती निराळी. आणि माझी स्वतःचीही वाटते, कारण चांद्या तुला मी दिला. पाच वर्षं या बायकांच्या ओसरीवर बसून, त्यांच्या हातचा चहा पिऊन, त्यांचं घर मी टपालानं तुला पुरवत होते.

तू अंजनाचं एक अक्षर लिहिलं नाहीस, तेव्हा मीच लिहिते. एकोणीस वर्षांची होती. बापानं पाटणकडचा एक बिजवर पाहिला होता. शेतकरी, भला, दारू नाही. त्यांच्यात विधवेचा पाट लावतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सोळाव्या वर्षी मी विधवा झाले तेव्हा आपल्या घरात काय झालं, ते तू दाराआडून पाहिलं आहेस. आपल्यात वाट नव्हती. हिला होती, मधू. ती तू ‘माहेरी जाऊ नको’ म्हणून बुजवलीस, आणि तेही कशाला, तर वाक्य गोड होतं म्हणून! बाप परत गेला. आज ती बावीस वर्षांची आहे आणि मेलेल्या नवऱ्याचं ऐकून बसली आहे.

२९ तारखेपर्यंत मी तोंड शिवते. गुंडालाही गप्प केलंय. तू सांगतोस म्हणालास, तर सांग. अकराही नावं, गावांसकट. माफीचं भाषण नको.

प्रमोदिनी


सांगली, ४ जुलै १९४६

ती. अक्कास नमस्कार.

केंद्र बंद झालं. मी सध्या सांगलीत सासुरवाडीला आहे. मुंबईहून बोलावणं यायचं आहे, तोवर इथंच.

तू शनिवारी ऐकलंच असशील. मी कागद खिशात घेऊन गेलो होतो, देवाशपथ. पण पीलखान्यात चाळीस माणसं दाटलेली, श्रीमंत स्वतः आलेले, माझ्या गळ्यात हार. दिवाणसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. तशा मंगल प्रसंगी ते वाचणं म्हणजे जेवत्या पंगतीत मुडदा आणणं झालं असतं. तरी मी शेवटी म्हणालोच की, “पाच वर्षांत आमच्याकडून काही उणंअधिक बोललं गेलं असेल, तर श्रोत्यांनी उदार मनानं क्षमा करावी.” समजणाऱ्यांना समजलं असेल. शिवाय त्या दिवशी खुशाली मुळी वाचलीच नाही, हेही लक्षात घे.

अकरा नावांची यादी सोबत जोडली आहे. तू तिथं आहेस, बायकांशी बोलायची तुला हातोटी आहे. योग्य वेळ पाहून तूच सांग. इतर गावांना मी सवडीनं लिहीन. पुस्तिकाही पाठवतोय. छपाई बरी झाली आहे.

तुझा,
मधू


सोनवडी, १२ जुलै १९४६

मधू,

यादी मिळाली. इतर दहा गावांच्या शाळामास्तरांना मी त्याच दिवशी पत्रं टाकली. तुझ्या सवडीवर माझा विश्वास नाही. पुस्तिका चुलीपाशी ठेवली आहे, कागद जाड आहे, नीट पेटत नाही.

२९ ला अख्खं गाव चावडीत होतं. तुझं उणंअधिक आलं, मग खरखर आली, मग काहीच नाही. आकारामनं पेटीवर पांढरं फडकं टाकलं. राहीबाई म्हणाली, “आज कृष्णाताचं कसं न्हाई वाचलं? इसरला जनू.” मग तुझं मंगल काम मी केलं. तिच्या ओसरीवर, गुंडाला सोबत घेऊन. गुंडानं तिच्या पायांवर डोकं ठेवून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “पेटीनं न्हाई सांगितलं. त्यो पोरगा खोटं बोलत न्हाई.”

त्या पोराला हे मुद्दाम कळवते.

अंजनाला मी बाजूला घेऊन सांगायला लागले, तर तिनं मलाच थांबवलं. तिला तीन वर्षांपासून ठाऊक होतं! मी शिकलेली बाई, मला उमगायला गुंडा यावा लागला. खालचं पत्र तिचं आहे. ती बोलली तसं लिहिलंय. एक शब्द सुधारायचा नाही असं तिनं मला बजावलं होतं.

माझं तुला याउपर पत्र नाही. हिला उत्तर द्यायचं असेल तर ते टपालानं देता येणार नाही, हे वाचशील तेव्हा कळेल.

प्रमोदिनी


पेटीतल्या दादास अंजनाचा रामराम.

तुमी पयल्यांदा चांद्याचं बोलला तवाच मला कळलं. चांद्या जलमला तवा धन्यांस्नी पलटनीत जाऊन दोन वर्सं झालती. त्येस्नी वासराचं कोन सांगनार? आन् आईच्या गुडघ्याला तेल चोळा म्हनलासा. आमचं धनी घरात हुतं तवा आईला पानी बी इचारत न्हवतं. मानूस चांगला, पर त्वांड गोड न्हवतं. तुमचं त्वांड लय गोड. तितंच मी मनात म्हनलं, अंजे, तुजा नवरा गेला.

घरी आलो. आत्याबाईनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. लय दिसांनी. मग मी कुनाला काय सांगू? दर शनवारी कुंकू लावून चावडीत बसायची. समदी म्हनायची, अंजीचं नशीब. मला तुमचा आवाज कानात गेला की मळमळायचं. पर आत्याबाई घरी येऊन जेवायच्या, म्हून जायची.

बा न्यायला आला तवा मला जायचं हुतं. ह्ये मी अक्काबाईस्नी बी सांगितलं न्हवतं. पाटनचा मानूस मी कोरेगावच्या बाजारात लांबनं बघितला हुता. पर ल्योक येनार म्हनून बसलेल्या म्हातारीला, ल्योक मेला, मी चालली, असं कसं म्हनू? त्या मानसानं दोन वर्सं वाट बघितली. मग दुसरी केली. त्येचं मी काय म्हनत न्हाई. झालं ते झालं.

आता आत्याबाई जेवत न्हाईत. अक्काबाईनी सांगितलं, गुंडा भावजींनी सांगितलं, मी सांगितलं. त्या म्हनत्यात, पेटीला सांगू दे. पेटी तर मुकी झाली. तुमी हायसा की.

त्या तुमचं त्वांड वळखत न्हाईत, आवाज वळखत्यात. तवा तुमी या. त्येंच्या म्होरं बसा, आन् ज्या आवाजात जित्ता हाय म्हनलासा त्याच आवाजात मेला म्हना. माफी मागू नगा, आमाला तिचा उपेग न्हाई. मग आमी दोघी मिळून रडू, आन् मी बांगड्या फोडीन. तवर त्या हातात हायत. लय जड झाल्यात.

शनवारी या. कोरेगावच्या टेसनावर गाडी धाडती. बैल तुमच्या वळखीचा हाय. कपाळावर चांद.

अंजना हिची निशाणी अंगठा